डब्यावर ‘हिरवं’ छापण्याआधी : मुंबईतल्या लहान पुरवठादारांसाठी पर्यावरणाच्या अटी आणि इको-लेबल

पहिल्यांदा आमच्याकडे पर्यावरणाच्या प्रश्नांचा मेल आला तेव्हा बाबा मशीनवर होते. जुनी, मोठी पार्टी, म्हणजे आमच्याकडून माल घेणारी कंपनी. सोबत एक्सेल शीट जोडलेली. तुमचं संमतीपत्र कुठल्या वर्गातलं, घातक कचरा महिन्याला किती किलो, दर टन मालामागे वीज किती, शाईत जड धातू आहेत का, कागद कुठल्या जंगलातला. मुदत पंधरा दिवस. बाबांनी हात पुसले, शीट वरपासून खालपर्यंत पाहिली आणि एवढंच विचारलं, “सगळीकडे ‘हो’ लिहून टाकूया का?”

तसं लिहून टाकणारे खूप आहेत, आणि त्यांचा दोष नाही. समोर काम जाण्याची भीती असते. पण खोटं ‘हो’ पुढे गाळ्याच्या तपासणीच्या, म्हणजे ऑडिटच्या दिवशी उघडं पडतं. खरं ‘नाही, पण अमुक महिन्यापर्यंत करतो’ मात्र बहुतेक पार्ट्या मान्य करतात. लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमची छपाई आणि बॉक्सची प्रेस आहे. त्यामुळे उदाहरणं कागद, शाई आणि डब्यांची जास्त येतील. धारावीतला चामड्याच्या बॅगा करणारा, मालाडचा इमिटेशन ज्वेलरीवाला, भिवंडीचा कापडवाला, कुणालाही वाट जवळपास हीच धरावी लागते: आधी गाळा, मग आकडे, मग कच्चा माल, आणि लेबल अगदी शेवटी. आम्ही हा क्रम उलटा धरला होता. त्याची किंमत काय पडली ते पुढे सांगते.

हे प्रश्न येतात कुठून

थोडक्यात सांगते, कारण पार्टीशी बोलताना हे माहीत असलं की आपण गोंधळत नाही. सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, बाजारातल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून ‘बीआरएसआर’ नावाचा अहवाल सक्तीचा केला. त्यात वीज, पाणी, कचरा, उत्सर्जन हे सगळं येतं, आणि पुढे पुरवठा साखळीतल्या जोडीदारांचा मुद्दाही त्या चौकटीत आला. म्हणजे बीकेसीतल्या सेबीच्या कार्यालयातून निघालेला नियम फिरत फिरत आपल्या गाळ्यापर्यंत पोचतो. निर्यातीचा माल असेल तर युरोपचे नियम वेगळे. रसायनांसाठी ‘रीच’ हा कायदा २००७ पासून लागू आहे. लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या मालावरचा कार्बन-कर, म्हणजे ‘सीबॅम’, १ जानेवारी २०२६ पासून पक्क्या स्वरूपात सुरू झाला. त्यात नट-बोल्ट आणि स्क्रूसुद्धा येतात, हे अनेक फास्टनरवाल्यांना पार्टीने विचारल्यावरच कळतं.

पहिली पायरी : प्रश्नांची तीन ढिगांत वाटणी

शीट प्रिंट करा. तीन रंगांची पेनं घ्या. जे प्रश्न भारतीय कायद्यातून आले आहेत त्यांना एक रंग: संमतीपत्र, घातक कचरा, प्लास्टिक. इथे ‘नाही’ म्हणायला जागाच नाही. पार्टी असो वा नसो, हे पाळायचंच आहे. दुसरा रंग पार्टीच्या स्वतःच्या अटींना: आयएसओ १४००१ (पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) आहे का, पर्यावरण धोरण लिहिलंय का, वीज कमी करण्याचं उद्दिष्ट आहे का. इथे बोलणी होऊ शकतात. तिसरा रंग मालाच्या अटींना: चामड्यात क्रोमियम किती, कागद प्रमाणित आहे का, अमुक रसायन नाही ना. इथे तोंडी उत्तर चालत नाही, टेस्ट रिपोर्ट किंवा प्रमाणपत्र लागतं.

एवढं केलं तरी निम्मी धडधड कमी होते. आमच्या शीटमधले बरेचसे प्रश्न पहिल्या दोन रंगांतच निघाले होते.

दुसरी पायरी : संमतीपत्र, आणि कोपऱ्यातला चिंध्यांचा ड्रम

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, ज्याला आपण सगळे ‘कन्सेंट’ म्हणतो, ही या सगळ्याची पायाभरणी. १९७४ चा पाणी कायदा आणि १९८१ चा हवा कायदा यांखाली ती घ्यावी लागते. आधी उद्योग उभारण्याची, मग चालवण्याची. मंडळाचं मुख्य कार्यालय सायन सर्कलला आहे, पण अर्ज ऑनलाइनच होतो. उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा अशी वर्गवारी २०१६ मध्ये नव्याने झाली. पांढऱ्या वर्गाला संमती लागत नाही, फक्त मंडळाला कळवावं लागतं.

इथे एक चूक सर्रास होते. शेजारच्या गाळेवाल्याचा वर्ग पाहून लोक आपला ठरवतात. वर्ग ठरतो तुमच्या प्रक्रियेवरून. नुसतं डाय-पंचिंग आणि पेस्टिंग, म्हणजे पुठ्ठा आकारात कापणं आणि चिकटवणं, करणारा एका ठिकाणी बसेल, तर तेच काम करून वर धुलाई, कोटिंग किंवा प्लेटिंग करणारा दुसरीकडे. मंडळाच्या यादीत आपल्या प्रत्येक प्रक्रियेचं नाव शोधा आणि त्यातल्या सर्वांत कडक वर्गाप्रमाणे चाला. संमतीपत्र हातात आलं की ते पूर्ण वाचा. त्यात उत्पादनाची मर्यादा लिहिलेली असते. महिन्याला २० टनांची संमती आणि माल पाठवल्याची चलानं ३० टनांची, हे ऑडिटर पहिल्या दहा मिनिटांत पकडतो.

आता ड्रमबद्दल.

प्रत्येक प्रेसमध्ये एक कोपरा असतो. शिफ्ट संपली की मशीनमन रोलर धुतो, ब्लँकेट (छपाई मशीनमधली रबराची चादर) पुसतो, आणि शाई-सॉल्व्हंटने माखलेल्या चिंध्या तिथे फेकतो. आमच्याकडे तीस वर्षं त्या चिंध्या भंगारवाल्याबरोबर जायच्या किंवा महापालिकेच्या कचऱ्यात. शाईचे रिकामे डबे किलोच्या भावाने विकले जायचे. कुणाला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही.

घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत या दोन्ही गोष्टी नावानिशी आहेत. रसायनाने माखलेले रिकामे डबे-पिंप म्हणजे ३३.१, माखलेल्या चिंध्या आणि पुसण्याचं सामान म्हणजे ३३.२. मशीनचं जळकं तेल ५.१. हे नंबर पाठच करून ठेवा, कारण पार्टीच्या शीटमध्ये, संमतीपत्रात आणि वार्षिक विवरणपत्रात सगळीकडे ते तसेच जुळावे लागतात. महाराष्ट्रात मंडळ संमतीपत्रातच घातक कचरा हाताळण्याचं अधिकारपत्र जोडून देतं. तुमच्या पत्रात हे नंबर आणि वर्षाला किती किलो हे लिहिलेलं नसेल, तर दुरुस्तीचा अर्ज आधी करा.

मग प्रत्यक्ष काम. झाकणाचा ड्रम घ्या, त्यावर नियमात दिलेलं लेबल लावा: कचऱ्याचं नाव, नंबर, साठवायला सुरुवात केल्याची तारीख. खाली गळती धरणारा ट्रे ठेवा, आणि ड्रम गटाराच्या तोंडापासून लांब असू द्या. पावसाळ्यात तळमजल्याच्या गाळ्यात पाणी शिरतं हे आपल्याला सांगायला नको. ड्रम फळीवर किंवा कठड्यावर उचलून ठेवा. साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठा ठेवता येत नाही. मुंबईजवळ तळोज्याला घातक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट सुविधा आहे. तिचं सभासदत्व घ्यावं लागतं आणि तिची गाडी येऊन माल नेते. सोबत फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा नेल्या-पोचल्याचा कागद, बनतो, सात प्रतींचा. तुमच्या वाट्याच्या प्रती आणि माल पोचल्याची सही असलेली परत आलेली प्रत फाइलला लावा. ऑडिटर नेमकी ही परत आलेली प्रत मागतो. रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, आणि वर्षाचं विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनच्या आत.

आमचे जुने मशीनमन, ज्यांना सगळे काका म्हणतात, पहिल्या आठवड्यात वैतागले होते. चिंधी टाकायला चार पावलं जास्त चालावं लागायचं. मग ड्रमच मशीनच्या बाजूला आणला आणि रोज संध्याकाळी वजन करून पाटीवर लिहायला लागलो. दोन महिन्यांनी काकांनीच सांगितलं की एकाच चिंधीच्या दोन्ही बाजू वापरल्या आणि धुण्याचं सॉल्व्हंट थेट कॅनमधून न ओतता पिचकारीच्या बाटलीतून घेतलं, तर निम्म्यातच काम होतं. सॉल्व्हंटचं बिल खरोखरच उतरलं, आणि प्रेसमधला तो डोळ्यांत चुरचुरणारा वासही.

भंगारवाल्याला पूर्ण तोडू नका. कोरडं, स्वच्छ कात्रण, पुठ्ठा, लोखंड हे त्याच्याकडेच जायला हवं. मुंबईचा पुनर्वापर या माणसांच्या जिवावर चालतो. फक्त वजनाची पावती घ्या, तारखेसह. ‘पुनर्वापराला गेलेला कचरा’ हा आकडा पार्टी विचारतेच, आणि त्याला त्या पावतीशिवाय दुसरा पुरावा नसतो.

तिसरी पायरी : मीटरवरून आकडे

यासाठी सल्लागार लागत नाही. बारा महिन्यांची वीजबिलं काढा, मग बेस्टची असोत, अदानीची, टाटा पॉवरची किंवा मुलुंड-भांडुपकडे असाल तर महावितरणची. पाण्याचं बिल इस्टेटच्या सोसायटीत एकत्र येत असेल तर सोसायटीकडून वाटणीचा हिशोब लेखी घ्या. डिझेल, गॅस यांच्या पावत्या ठेवा. आणि त्याच महिन्यांत किती किलो माल बाहेर गेला ते चलानांवरून काढा.

हिशोब असा. समजा महिन्याला २,४०० युनिट वीज लागली. आपल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. नेमका आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण वेळोवेळी प्रसिद्ध करतं, तो घ्या आणि कुठल्या वर्षाचा घेतला ते लिहा. झाले १,६८० किलो. स्वतःच्या टेम्पोला ६० लिटर डिझेल, लिटरमागे २.६८ किलो, म्हणजे १६१ किलो. एकूण १,८४१ किलो. माल गेला ८ टन. म्हणजे दर किलो डब्यांमागे साधारण २३० ग्रॅम.

या आकड्याला ‘आमच्या डब्याचा कार्बन फूटप्रिंट’ म्हणू नका. ही फक्त तुमच्या गाळ्यातली वीज आणि तुमच्या गाडीचं इंधन आहे. कागद बनताना गिरणीत जे झालं ते यात नाही. टेम्पो भाड्याचा असेल तर तोही वेगळ्या रकान्यात जातो. शीटमध्ये ‘स्कोप १’ म्हणजे तुम्ही स्वतः जाळलेलं इंधन, ‘स्कोप २’ म्हणजे विकत घेतलेली वीज, आणि ‘स्कोप ३’ म्हणजे बाकी सगळं. पहिल्या वर्षी १ आणि २ नीट भरा. तिसऱ्याबद्दल ‘अजून मोजलेलं नाही’ असं लिहा. पार्टीला हे खरं उत्तर अंदाजपंचे भरलेल्या आकड्यापेक्षा उपयोगी पडतं.

चौथी पायरी : कच्च्या मालाची कुंडली

प्रत्येक शाई, गोंद, सॉल्व्हंट, रंग, वॉर्निश यांची सुरक्षा माहितीपत्रिका, म्हणजे एसडीएस, पुरवठादाराकडून मागवा. तिचे १६ भाग असतात. सगळे वाचायला वेळ नसेल तर तिसरा वाचा, त्यात घटक आणि त्यांचे कॅस नंबर, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक, असतात. आणि तेरावा, त्यात विल्हेवाट असते. तारीख पाहा. दहा वर्षं जुनी पत्रिका ऑडिटर घेत नाही. पार्टीने बंदी घातलेल्या रसायनांची यादी दिली असेल तर कॅस नंबरांनी ताडून पाहा. नावांनी ताडू नका. एकाच रसायनाची चार नावं असतात.

मग येतो चाचणीचा खर्च. इथे घाईत पैसे जातात, म्हणून आपल्या मालाला नेमकं काय लागू आहे ते आधी समजून घ्या. युरोपला जाणाऱ्या, त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत क्रोमियम-सहा (क्रोमियमचं घातक रूप) किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी हवं. दागिन्यांत शिसं वजनाच्या ०.०५ टक्क्यांखाली आणि कॅडमियम ०.०१ टक्क्यांखाली, आणि कातडीला सतत टेकणाऱ्या भागातून निकेल किती सुटतं याची वेगळी मर्यादा. कापडात ठरावीक ॲझो रंगांपासून सुटणारे घातक अमाइन किलोमागे ३० मिलिग्रॅमखाली. हे ॲझो रंग भारतानेही १९९७ मध्ये बंद केले आहेत. पॅकेजिंगमध्ये शिसं, कॅडमियम, पारा आणि क्रोमियम-सहा यांची बेरीज किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत. आणि खाण्याच्या वस्तूच्या वेष्टनाची शाई आयएस १५४९५ या मानकाप्रमाणे हवी, त्यात टोल्युइन हे सॉल्व्हंट चालत नाही. मिठाईचे डबे छापणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी.

प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेलीच निवडा, आणि मान्यता त्या विशिष्ट चाचणीसाठी आहे का ते विचारा. मुंबईत आपण नशीबवान आहोत. कापडासाठी प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटी आहे, पॅकेजिंगसाठी अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग. खर्च वाचवायचा तर तयार मालाची प्रत्येक बॅच तपासण्याऐवजी कच्चा माल देणाऱ्याकडून त्याचा रिपोर्ट घ्या, आणि वर्षातून एकदा स्वतः नमुना देऊन पडताळा. चामड्याला मात्र ही सूट घेऊ नका. क्रोमियम-सहा माल साठवताना, उष्णतेत आणि काही गोंदांमुळे नंतरही तयार होऊ शकतं. चामडं कमावणाऱ्या टॅनरीचा चांगला रिपोर्ट असूनही तयार बॅग नापास होते.

प्लास्टिक

महाराष्ट्राची प्लास्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, केंद्राची एकल वापराच्या वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२ पासूनची. या केंद्राच्या यादीत आमच्या धंद्याला थेट लागणारी एक वस्तू आहे: मिठाईचे डबे, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटच्या पाकिटांभोवती गुंडाळलेली प्लास्टिक फिल्म. लग्नसराईत अजून कुणीतरी ती मागतं. ‘नाही’ म्हणा, आणि बदल्यात पाण्यावर आधारलेलं वॉर्निश सुचवा. फिल्मचं लॅमिनेशन टाळलं की तो डबा पुन्हा कागदाच्या गिरणीत सहज जातो, हा मुद्दा पार्टीच्या शीटमध्येही तुमच्या बाजूने पडतो.

प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकणारे ब्रँडमालक, उत्पादक, आयातदार यांच्यावर ‘ईपीआर’ची, म्हणजे वापरून टाकलेल्या वेष्टनाची सोय लावण्याची, जबाबदारी आहे आणि नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. सूक्ष्म आणि लघु ब्रँडमालकांना त्यात सवलत आहे, पण ती मिळते म्हणून पार्टीचा प्रश्न रिकामा सोडू नका. उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र जोडा आणि ‘सूक्ष्म उद्योग, म्हणून लागू नाही’ असं स्पष्ट लिहा.

‘कंपोस्टेबल’ पिशव्या घेत असाल तर बनवणाऱ्याकडे केंद्रीय मंडळाचं प्रमाणपत्र आहे का, आणि पिशवीवर त्याचा क्रमांक छापलाय का, ते पाहा. नुसती हिरव्या रंगाची पिशवी ही साधी प्लास्टिकचीच पिशवी असते.

पाचवी पायरी : लेबल

इथे आमचं काय झालं ते सांगते. एका निर्यातदार पार्टीने चॉकलेटचे डबे दिले. कागद आम्ही चांगल्या गिरणीचा, एफएससी (जंगल जपून काढलेल्या लाकडाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणन) प्रमाणित घेतला. पार्टीच्या डिझाइनरने आर्टवर्कमध्ये झाडाचं ते चिन्ह टाकलं होतं. आम्हाला वाटलं, कागद प्रमाणित आहे, चिन्ह छापलं तर बरोबरच. १२,००० डबे छापून, पंच होऊन, चिकटवून गेले. आठवड्याने परत आले. चिन्हाखाली जो परवाना क्रमांक लागतो तो आमचा नव्हता, कारण आमच्याकडे तो नव्हताच. सगळा माल कात्रणाच्या भावाने गेला. त्या दिवाळीत बाबांनी कामगारांचा बोनस स्वतःच्या ठेवीतून दिला.

एफएससीमध्ये साखळीतला प्रत्येक मालक प्रमाणित असावा लागतो: गिरणी, कागदाचा व्यापारी, प्रेस. याला ‘चेन ऑफ कस्टडी’ म्हणतात. तुमच्या हातात प्रमाणित कागद आहे म्हणून तुमचा डबा प्रमाणित होत नाही. कागदाच्या बिलावर विक्रेत्याचा प्रमाणपत्र क्रमांक आणि दावा, जसं ‘एफएससी मिक्स’ किंवा ‘एफएससी रिसायकल्ड’, छापलेला हवा. तो क्रमांक एफएससीच्या सार्वजनिक यादीत चालू आहे का ते तपासायचं. जॉब कार्डावर तो कागद वेगळा दाखवायचा, गोदामात वेगळा ठेवायचा, आणि आर्टवर्क छापण्याआधी प्रमाणन संस्थेकडून मंजूर करून घ्यायचं. लहान प्रेससाठी एकत्र येऊन गट-प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे, त्यात प्रत्येकावरचा खर्च कमी येतो. एखादंच असं काम वर्षातून येत असेल तर तेही करू नका. काम एखाद्या प्रमाणित प्रेसला त्यांच्या नावाने घेऊ द्या आणि तुम्ही त्यांचं पंचिंग-पेस्टिंग लेखी करारावर करा. नियमांत याला जागा आहे, आणि ऑडिट त्यांच्याकडे राहतं.

आता लेबलांचं जंगल. ते तीन जातींत विभागलं की रस्ता दिसतो. पहिली जात तिसऱ्या पक्षाने निकषांवर तपासून दिलेल्या चिन्हाची, आयएसओ १४०२४ प्रमाणे. जर्मनीचं ब्लू एंजल हे १९७८ पासूनचं, या जातीतलं सर्वांत जुनं. दुसरी जात स्वतःच्या जबाबदारीवर केलेल्या दाव्याची, आयएसओ १४०२१: ‘८० टक्के पुनर्वापरित कागद’. तिसरी जात आकड्यांचा पूर्ण तक्ता देणाऱ्या घोषणेची, आयएसओ १४०२५. ती बांधकामाच्या मालाला लागते, आपल्यापैकी बहुतेकांना नाही. आणि बाणांचा त्रिकोण, ज्याच्या पोटात १ ते ७ आकडा असतो, तो यांपैकी काहीच नाही. तो फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो.

आपल्या देशाचं लेबल म्हणजे इकोमार्क. १९९१ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचं चिन्ह होतं मातीचं मडकं. माती परत मातीत जाते, घडवायला फार ऊर्जा लागत नाही, घातक काही मागे उरत नाही, हा त्यामागचा विचार. धारावीच्या कुंभारवाड्यात उन्हात वाळत घातलेल्या मडक्यांच्या रांगांमधून गेलं की मला ते चिन्ह आठवतं. इतकं आपलं, इतकं सोपं, तरी ते फार थोड्यांनी घेतलं याचं खरंच वाईट वाटतं. सप्टेंबर २०२४ मध्ये जुनी योजना जाऊन नवे इकोमार्क नियम आले. आता अर्ज केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो, निकष भारतीय मानकांना जोडलेले आहेत, आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. साबण, कागद, पॅकेजिंग, कापड, चामडं, रंग, प्लास्टिकच्या वस्तू असे अनेक गट त्यात आहेत. तुमचा माल देशातच विकला जात असेल तर परदेशी चिन्हाआधी हे पाहा. मानक कोणतं लागेल हे विचारायला भारतीय मानक ब्युरोचं कार्यालय अंधेरीला, एमआयडीसीत आहे.

कापडवाल्यांसाठी थोडं वेगळं. ‘गॉट्स’ हे सेंद्रिय धाग्याचं: ९५ टक्के असेल तर ‘ऑरगॅनिक’, ७० टक्क्यांवर असेल तर ‘ऑरगॅनिकसह बनवलेलं’. ‘जीआरएस’ हे पुनर्वापरित धाग्याचं: २० टक्क्यांपासून प्रमाणपत्र, पण वस्तूवर चिन्ह लावायला किमान ५० टक्के. दोन्हींत प्रत्येक खरेदीमागे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, म्हणजे तेवढ्या मालाच्या व्यवहाराचं प्रमाणपत्र, लागतं. धागा घेतानाच ते मागा, माल शिवून झाल्यावर ते मिळवणं जवळपास अशक्य असतं. ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ याहून निराळं. ते फक्त सांगतं की या कापडात घातक पदार्थ मर्यादेत आहेत. कापूस सेंद्रिय आहे की नाही याबद्दल ते गप्प आहे, आणि त्याची मुदत एकच वर्ष असते.

कोणतं घ्यायचं? पार्टीला लेखी विचारा: नेमकं कुठलं चिन्ह, कुठल्या बाजारासाठी, आणि वर्षाला किती माल. उत्तर आल्याशिवाय एक रुपया भरू नका. ‘काहीतरी ग्रीन सर्टिफिकेट घ्या’ हे उत्तर नव्हे.

शब्द कसे लिहायचे

चिन्ह नसेल तरी चालतं, शब्द मात्र जपून. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी फसव्या पर्यावरण-दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. युरोपातही असे मोघम दावे आणि प्रमाणन योजनेशिवायची चिन्हं बंद करणारा नियम २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतो.

मी स्वतः प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारते: कशाबद्दल, किती, आणि कशावरून. ‘पर्यावरणपूरक डबा’ या ओळीला तिन्हींचं उत्तर नाही. तीच ओळ अशी लिहा: ‘या डब्याचा पुठ्ठा १०० टक्के पुनर्वापरित कागदाचा, प्लास्टिक लॅमिनेशन नाही. तपशील क्यूआर कोडवर.’ आणि त्या क्यूआर कोडमागे खरोखर गिरणीचं पत्र असू द्या. ‘केमिकल-फ्री’ कधीच लिहू नका. पाणीसुद्धा रसायनच आहे. ‘बायोडिग्रेडेबल’ लिहायचं तर किती दिवसांत, कुठल्या परिस्थितीत, कुठल्या मानकाने ते सांगावं लागतं. डब्याचा पुठ्ठा पुनर्वापरित आणि आतला ट्रे प्लास्टिकचा असेल, तर दावा पुठ्ठ्यापुरताच करा.

शीट भरताना आणि ऑडिटच्या दिवशी

प्रत्येक ‘हो’ समोर फाइलचा नंबर लिहा. प्रत्येक ‘नाही’ समोर महिना लिहा, आणि असा महिना लिहा जो तुम्ही पाळाल. ‘पर्यावरण धोरण’ मागितलं असेल तर इंटरनेटवरून दहा पानं उतरवू नका. एक पान मराठीत लिहा, कामगारांना वाचून दाखवा, भिंतीवर लावा, मग इंग्रजी करून पाठवा. ऑडिटर पाहणी करताना कामगारालाच विचारतो, “ही चिंधी कुठे टाकता?” आमच्याकडे काका उठले, त्याला ड्रमपर्यंत घेऊन गेले आणि पाटीवरचं त्या दिवशीचं वजन दाखवलं. तो मुद्दा तिथेच मिटला.

खर्चाला हातभार हवा असेल तर लहान उद्योगांना प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्राच्या ‘झेड’ योजनेत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे टप्पे आहेत. प्रमाणनाच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघु उद्योगाला ६० आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत मिळते. उद्यम नोंदणी मात्र हवी. ब्राँझपासून सुरुवात करा. त्यासाठी जी कागदपत्रं जमवाल, तीच पार्टीच्या शीटला कामी येतात.

शेवटची गोष्ट भिंतीवरच्या कॅलेंडरची. कटिंग मशीनशेजारी एक लावा आणि त्यावर लाल पेनाने लिहा: ३० जून, फॉर्म ४. ३० सप्टेंबर, पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५. संमतीपत्र संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख. घातक कचऱ्याची गाडी बोलवायची दर तिसऱ्या महिन्यातली तारीख. टेस्ट रिपोर्ट, लेबल, कागदवाल्याचं प्रमाणपत्र, प्रत्येकाची मुदत. आमच्या कॅलेंडरवर या महिन्यात दोन खुणा आहेत. तळोज्याची गाडी मंगळवारी येणार आहे, आणि काकांनी ड्रमचं झाकण आत्ताच घट्ट करून ठेवलंय.